मेलातीचं शून्य

माणूस कुठल्या वॉर्डात मेला हे ठरवायचं काम आमच्या इस्पितळात माझ्याकडे आहे. हसू नका. या कामापायी मी जेवढ्या शिव्या खाल्ल्या तेवढ्या बिलाच्या खिडकीवरच्या माणसानंही खाल्ल्या नसतील. नियम साधा आहे. ज्या वॉर्डात शेवटचा श्वास, त्या वॉर्डाच्या नावावर मृत्यू. पेशंट त्याआधी कुठे होता, कुणी त्याचं हगणंमुतणं काढलं, कुणी हलगर्जी केली, याच्याशी आकड्यांना देणंघेणं नसतं.

नियम चांगलाच चालला होता, डॉक्टर विर्यावान संचालक होऊन येईपर्यंत. ते सेमारांग शहरात कसलंसं प्रशिक्षण घेऊन आले आणि त्यांनी मला बोलावून सांगितलं की बू रुस्मी (बू म्हणजे बाई), तुमचे आकडे कपाटात कुजतायत, ते चारचौघांना दिसले पाहिजेत. तेव्हापासून कँटीनच्या दारात एक मोठा फलक लागला. प्रत्येक वॉर्डाला एक लाल पट्टी. मृत्यू जास्त तेवढी पट्टी लांब. आणि पुढच्या महिन्याच्या सभेत सगळ्यात आखूड पट्टीच्या वॉर्डाला तुम्पेंग, म्हणजे पिवळ्या भाताचा हा एवढा शंकू, भोवती कोंबडी, अंडी, तळलेलं सोयाबीनचं तेंपे. लग्नात, बारशात करतात तसाच. संचालक स्वतः शंकूचं टोक कापून मुख्य सिस्टरच्या बशीत ठेवायचे, फोटो निघायचा, टाळ्या वाजायच्या. त्या टाळ्यांसाठी चांगल्या घरच्या बायका काय काय करू लागल्या ते मी या डोळ्यांनी पाहिलं.

काही महिन्यांतच खाटा हिंडायला लागल्या. एखादा पेशंट आता फार दिवस काढत नाही असं दिसलं की त्याला 'विशेष देखरेखीसाठी' समोरच्या वॉर्डात हलवायचं. कागद अगदी चोख. समोरच्यांच्या लक्षात येईस्तोवर म्हातारा गेलेला असायचा आणि लाल पट्टी त्यांची वाढायची. सिस्टरा या प्रकाराला पाठवणी म्हणायच्या, नवरीची करतात ती. 'सात नंबरच्या आजीची पाठवणी आज की उद्या?' असं चहा पिता पिता एकमेकींना विचारायच्या. आणि पाठवणीला घरच्यांचा गोंधळ नको म्हणून त्यांना आधी काहीतरी निमित्त काढून खाली पिटाळायचं, हाही रिवाज पडला.

या विद्येत बू प्रिहातिनीचा हात कुणी धरू शकलं नसतं. मेलाती वॉर्डाची ती मुख्य. वाईट सिस्टर असती तर मला एवढा राग आला नसता. पण ती उत्तम सिस्टर होती. तोंडात साखर. बेशुद्ध माणसाच्या पायाला हात लावतानाही आधी परवानगी मागायची, तीही वडीलधाऱ्यांशी बोलायच्या आदबीच्या जावानीजमध्ये. आणि नुसत्या श्वासाच्या आवाजावरून तिला कळायचं की हा माणूस आज संध्याकाळ बघणार की नाही. देवानं एवढा चांगला कान दिला आणि बाईनं तो असा वापरला.

मेलातीच्या समोर, बोळाच्या पलीकडे, केनांगा वॉर्ड. तिथली मुख्य बू कुस्तिया. घसा फाटका, मन त्याहून फाटकं, पण आलेल्याला परत पाठवायची नाही. म्हणून फलकावर केनांगाची पट्टी दर महिन्याला सगळ्यात लांब, आणि वॉर्डाला नाव पडलं कबरस्तान. सभेत संचालक म्हणायचे की केनांगानं मेलातीकडून शिकावं. बू कुस्तिया ते ऐकायची आणि मग घरी जाऊन नवऱ्याशी भांडायची. हे मला तिच्या नवऱ्यानंच सांगितलं.

त्या वर्षी आमची नर्सिंगची मोठी बाई निवृत्त होणार होती. तिच्या जागी कोण, हे संचालकांनी उघड सांगून टाकलं. बाहेरून तपासणीला पाहुणे येणार आहेत, त्यांना मला एक तरी वॉर्ड असा दाखवायचाय जिथे महिनाभरात एकही मृत्यू नाही. जी असं शून्य आणील तिचा विचार आधी. महिना संपत आला तेव्हा मेलातीच्या रकान्यात शून्यच होतं. आणि मेलातीत खिडकीजवळच्या खाटेवर लास्मिनीची आई होती.

ही लास्मिनी वर डोंगरातली, बटाट्याची शेतं आहेत तिकडची. तिशीची असेल. आईच्या मेंदूत रक्तस्राव झालेला, आई बेशुद्ध. विम्याच्या कागदांसाठी लास्मिनी माझ्या खिडकीशी यायची आणि आली की घाईत असायची. एकदा मी तिला म्हटलं की म्बाक, ताई, जरा टेक, पाणी पी. तर उभ्या उभ्याच तिनं सांगितलं की तिचा बाप कोबीच्या ट्रकमध्ये बसून शहराकडे निघाला होता, वाटेत झोपेत गेला. ड्रायव्हरला बाजारात पोचल्यावर कळलं. त्याच्या कानात कलमा सांगायला कुणी नव्हतं. आई नवऱ्याच्या मरणाला जेवढी रडली नाही तेवढी या गोष्टीला रडली. मग तिनं लेकीकडून वचन घेतलं होतं.

"माझ्या कानाशी तूच पाहिजेस," आई म्हणाली होती. "मौलवी नको, शेजारीण नको. तुझा आवाज."

म्हणून लास्मिनी खाटेजवळून हलायची नाही. तिथेच नमाज, तिथेच डब्यातला भात, तिथेच खुर्चीवर डुलकी. मेलातीच्या पोरी कुरकुरायच्या की या बाईमुळे झाडूसुद्धा मारता येत नाही. बू प्रिहातिनी त्यांना गप्प करायची. लेकीचं प्रेम आहे, म्हणायची.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी, दुपारच्या भेटायच्या वेळेत, लास्मिनी धापा टाकत माझ्या खिडकीशी आली आणि एक कागद पुढे केला. यावर तुमचा शिक्का लागतो, ताबडतोब लागतो, असं बू प्रिहातिनीनं सांगितलंय म्हणाली. त्या कागदावर कुणाचाच शिक्का लागत नव्हता. पाठवणीचं निमित्त, मी ओळखलं.

"म्बाक, कागद राहू दे," मी म्हटलं. "तू वर जा. आत्ता जा."

तर ही डोंगरातली संस्कारी पोर. आधी वाकून आभार मानले, मग त्रास दिल्याबद्दल माफी मागितली, मग कागदाची व्यवस्थित घडी घातली आणि मग लिफ्टच्या रांगेत जाऊन उभी राहिली. मला तिला जिन्याकडे ढकलावंसं वाटलं. तेवढ्यात माझा फोन वाजला. बू कुस्तिया होती.

"वर या," ती म्हणाली. "मेलातीवाल्यांनी माझ्या दारात मढं आणून ठेवलंय. कुणाचं ते तुम्हीच सांगा, म्हणजे मी तरी झोपेन."

मी मागच्या जिन्यानं गेले. बोळात जुनी इमारत संपते आणि नवी सुरू होते तिथे फरशीत एक पत्र्याची पट्टी आहे. खाटेची पुढची चाकं पट्टीच्या केनांगाकडच्या बाजूला, मागची मेलातीकडच्या. खाट ढकलणारा तुगीरान, आमच्याकडे वीसेक वर्षं काम करणारा भला माणूस, दांडीला धरून उभा. बू कुस्तिया दारात दोन्ही हात पसरून उभी. खाटेवरची आई गेलेली होती. ते कळायला डॉक्टर लागत नव्हता.

मग जे भांडण झालं ते मी सगळं सांगत बसत नाही. बू कुस्तिया म्हणत होती की उंबरा ओलांडला नाही तर माझा कसला मृत्यू. मेलातीची एक पोर म्हणत होती की डोकं तर केनांगाच्या बाजूला होतं. डोकं कुठे होतं यावर दोघी अक्षरशः वाकून पट्टी बघायला लागल्या. भेटायला आलेले लोक कडेकडेनं जात होते. मला विचारलं तेव्हा मी खरं ते सांगितलं. दुसऱ्या वॉर्डानं ताब्यात घेतल्याची सही होईपर्यंत पेशंट पहिल्या वॉर्डाचाच असतो. म्हणजे मृत्यू मेलातीचा.

तेवढ्यात बू प्रिहातिनी आली. घाई नाही, आवाज नाही. तिनं आईच्या मानेला दोन बोटं लावली, मग चादर नीट केली.

"मृत्यू कोण म्हणालं?" तिनं विचारलं. "डॉक्टरांनी सांगितलंय का? डॉक्टरांनी सांगेपर्यंत आजी आहेत."

तिनं हातानं दाबायची हवेची पिशवी मागवली, मास्क आईच्या तोंडावर बसवला, आणि पिशवी दाबली. छाती वर आली, खाली गेली. मग माझ्याकडे वळून तिनं मला माझ्याच कामाचा प्रश्न विचारला. नातेवाइकांनी स्वतःच्या इच्छेनं पेशंटला घरी नेलं तर तो कुठल्या रकान्यात जातो? मी सांगितलं की त्याचा रकाना वेगळा आहे. बरा झाला यात नाही, मेला यात नाही. आमच्याकडे त्याला जबरीनं घरी जाणं म्हणतात, कारण जबरी घरच्यांनी केलेली असते.

"म्हणजे माझ्याकडे नाही," बू कुस्तिया म्हणाली, आणि तिनं हात खाली घेतले. "मग न्या खुशाल." आणि आत गेली.

बू प्रिहातिनीनं पिशवी एका पोरीच्या हातात दिली, थांबायचं नाही असं बजावलं, आणि खाट मागे फिरवून मेलातीच्या आतल्या खोलीत घेतली. लास्मिनी तोवर वर आली होती. खाटेची रिकामी जागा बघून तिचं काळीज फाटलं असणार, पण तिला सांगितलं होतं की आईला डोक्याचा फोटो काढायला नेलंय, बसा. ती बसली होती. बू प्रिहातिनी तिच्यापाशी खाली जमिनीवर बसली, मुख्य सिस्टर असून. मी दाराशी होते, सगळं ऐकलं.

"म्बाक, तुमच्या आईची वेळ जवळ आली," ती म्हणाली. "आम्ही यंत्रं लावू, नळ्या घालू, पण तुम्हाला बाहेर उभं करावं लागेल. त्यापेक्षा घरी न्या. गाडीत तुम्ही कानाशी बसा. माझ्या वॉर्डातली मुलगी सोबत येईल, हवा देत राहील. आईला हेच हवं होतं ना?"

लास्मिनीनं तिचे दोन्ही हात धरले आणि कपाळाला लावले. म्हणाली की मला भीती होती तुम्ही मला बाहेर काढाल, तुम्ही तर देवासारख्या धावलात. सही केली. ड्यूटीवरचा डॉक्टर पोरगेलासा होता. त्यानं पेशंटकडे न बघता सही केली आणि दुसरीकडे निघून गेला.

मी खिडकीतून गाडी सुटताना पाहिली. पाठीमागचं दार बंद व्हायच्या आधी लास्मिनी आत वाकलेली दिसली, तोंड आईच्या कानाशी, आणि समोर मेलातीची पोर पिशवी दाबत होती, दाबत होती. दाराशी उभ्या असलेल्या सगळ्यांनी हात जोडून 'लवकर बऱ्या व्हा' म्हटलं. जाणाऱ्या पेशंटला असं म्हणायचं हा संचालकांचाच दुसरा नियम.

वर गावात पोचल्यावर त्या पोरीनं पिशवी थांबवली आणि सांगितलं की गेल्या.

मी महिन्याचा हिशोब मांडला. माझ्या आलेखात चार रेषा असतात. खाटा किती भरल्या, पेशंट किती दिवस राहिला, खाट रिकामी किती पडून राहिली, एका खाटेवर किती पेशंट फिरले. आकडे खरे असतील तर चारही रेषा एका बिंदूत मिळतात. न मिळाल्या तर कुणीतरी थाप मारली आहे, असं आम्हाला शिकवलंय. त्या महिन्यात रेषा अशा सुरेख मिळाल्या की मी कागद उचलून उजेडात धरला. सगळ्यांनी मिळून एकाच मापाची थाप मारली तर रेषांना काय कळणार!

पुढच्या सभेला सगळे जमले. मी पडद्यावर आलेख दाखवला, पट्ट्या दाखवल्या. मेलातीच्या नावापुढे लाल काहीच नव्हतं. केनांगाची पट्टी पडद्याच्या कडेपर्यंत गेली होती आणि मागून कुणीतरी हळूच 'कबरस्तान' म्हणालं. संचालकांनी शंकूचं टोक कापलं, बू प्रिहातिनीच्या बशीत ठेवलं, आणि नवी मोठी बाई हीच असं जाहीर करून टाकलं. बू कुस्तियाच्या मानेवरची शीर उडताना मला दिसत होती.

आणि त्याच वेळी दारात लास्मिनी. डोक्याला काळा रुमाल, दोन्ही हातांत पिशव्या. आईचा सातव्या दिवसाचा विधी झाला होता, त्याचे भाताचे डबे घेऊन ती पहाटे डोंगरावरून निघाली होती. मेलातीत विचारलं तर कुणीतरी तिला सभेत पाठवून दिलं. संचालकांना हे म्हणजे मागितल्याविना मिळालं. त्यांनी तिला पुढे बोलावलं आणि चार शब्द सांगायचा आग्रह केला.

ती लाजली, पण बोलली.

"घाटातल्या मोठ्या वळणावर मी तिसऱ्यांदा कलमा म्हटला," ती म्हणाली, "आणि आईचा हात माझ्या हातात सैल झाला. तिनं ऐकलं आणि मगच गेली. बू प्रिहातिनींनी मला बाहेर काढलं असतं तर मी जन्मभर झोपले नसते."

बायकांनी डोळे पुसले. बू प्रिहातिनीनंही पुसले, आणि ते नाटक नव्हतं. ती खरंच रडत होती. तेच मला सहन झालं नाही.

"कुणाचा हात?" बू कुस्तिया बसल्या जागेवरून म्हणाली. ती मोठ्यानं बोलली नाही, हे मी तिच्या बाबतीत पहिल्यांदाच ऐकलं. "पोरी, तुझी आई इथेच इस्पितळात गेली होती. माझ्या दारात, बोळात. तू मढ्याच्या कानात बोललीस सगळी वाट. ती पिशवीची हवा होती. विचार बू रुस्मीला."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. लास्मिनीनंही.

"बू, खरं का?"

नाही म्हणता आलं असतं. एका शब्दाचं काम होतं, आणि खोटं मला काही परकं नाही, दर महिन्याला मी त्याची बेरीज करते. पण मला बू प्रिहातिनीच्या बशीतलं ते पिवळं टोक दिसत होतं, आणि ते तिच्या घशात अडकावं असं मला फार वाटलं. मी हो म्हटलं.

बू प्रिहातिनीनं बशी खाली ठेवली नाही. संचालक खाकरले आणि माझ्या कानाशी वाकून म्हणाले की आकडा आता बदलायचा नाही, पाहुणे उद्या येतायत.

लास्मिनीनं पिशव्या खाली ठेवल्या आणि इकडे तिकडे पाहिलं, कुणाला विचारावं हे न कळल्यासारखं.

"तेव्हा तिच्याजवळ कोण होतं?"

खुर्च्या मांडायला आलेला तुगीरान भिंतीशी उभा होता. त्यानं टोपी काढली.

"मी होतो, म्बाक."

"तुम्ही तिच्या कानाशी काही म्हणालात, पाक, काका?"

तिच्या तोंडावर एकदम उजेड आला. तुगीरान पाच वेळा नमाज पढणारा माणूस, हे त्याच्या कपाळावरच्या डागावरून तिलाही दिसत होतं. त्या खोलीत बसलेल्या प्रत्येकानं, बू कुस्तियानंसुद्धा, तेव्हा मनातल्या मनात त्याला एकच गोष्ट सांगितली असेल. बाबा रे, हो म्हण. तुगीराननं नीट आठवून पाहिलं. त्याला तिला खरं तेच द्यायचं होतं.

"म्हणत होतो की," तो म्हणाला. "बाजूला व्हा, वाट द्या, बाजूला व्हा. भेटायची वेळ होती ना, गर्दी फार होती."

लास्मिनीनं मान हलवली. मग तिनं पिशवीतले डबे काढले आणि पहिल्या रांगेपासून वाटायला सुरुवात केली, प्रत्येकाला दोन्ही हातांनी, कारण ते आईच्या नावानं केलेले होते आणि परत न्यायचे नसतात.